बांधणी कोठे व्हावी? : बिल्ड एजंटांच्या निवडीचा इतिहास

आज्ञावली कोणी लिहिली ह्याची नोंद सॉफ्टवेअरच्या इतिहासात बहुधा सापडते. ती कोणत्या यंत्रावर बांधली गेली ह्याची क्वचितच सापडते. लिहिलेल्या मूळ संहितेस यंत्रावर चालेल असे रूप देणे, तिच्या चाचण्या घेणे व तयार झालेला संच वितरणासाठी पुढे धाडणे, ही कामे ज्या क्रमाने आपोआप होत जातात त्यास पाइपलाइन म्हणतात, आणि ती प्रत्यक्ष पार पाडणाऱ्या यंत्रास बिल्ड एजंट. हे यंत्र संस्थेच्या स्वतःच्या वास्तूत असावे, की क्लाऊड पुरविणाऱ्या कंपनीकडून घटकाभर भाड्याने घ्यावे, हा प्रश्न सामान्यतः खर्चाचा मानला जातो. गेल्या पाव शतकाचा वृत्तान्त पाहिला असता हा समज अपुरा ठरतो. खर्चाचा विचार होता हे खरे. परंतु निवडीस निर्णायक वळणे मिळाली ती विश्वासाच्या प्रश्नामुळे.

२००१ साली थॉटवर्क्स ह्या संस्थेतील मंडळींनी क्रूझकंट्रोल हे साधन प्रसिद्ध केले, तेव्हा हा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. कार्यालयातील एखादा संगणक बांधणीसाठी राखून ठेवला की काम भागे. सन मायक्रोसिस्टिम्समधील कोह्‌सुके कावागुची ह्यांच्या हडसनने (पहिली आवृत्ती २००५) मुख्य यंत्राने इतर यंत्रांना कामे वाटून देण्याची पद्धत रूढ केली. २०११ मध्ये ह्याच प्रकल्पाने जेंकिन्स हे नाव धारण केले. कामकरी यंत्रांस प्रथम ‘गुलाम’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द योजीत. २०१६ च्या दुसऱ्या प्रमुख आवृत्तीपासून ‘एजंट’ हा शब्द आला. हे नामांतर अर्थाच्या दृष्टीनेही उचितच झाले. गुलामाच्या बाबतीत आज्ञापालनाचाच विचार होतो. दूरच्या पेढीवर बसविलेल्या गुमास्त्याच्या बाबतीत इमानाचाही करावा लागतो.

ही यंत्रे वर्षानुवर्षे चालू राहत. त्यांवर जुन्या लायब्ररी, विसरलेले परवलीचे शब्द, कोणी तरी घाईत केलेले फेरफार ह्यांचे थर साचत. ह्याच्या अगदी उलट कल्पना २०११ साली सुरू झालेल्या ट्रॅव्हिस सीआयसारख्या सेवांनी लोकप्रिय केली : प्रत्येक कामासाठी नवे आभासी यंत्र, आणि काम संपताच त्याचा नाश. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने क्लाऊडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत हायब्रिड क्लाऊडचा स्वतंत्र उल्लेख आहे : आपापले पृथक्‌ अस्तित्व राखणाऱ्या दोन वा अधिक व्यवस्थांची जोडणी.

ही जोडणी बांधणीच्या क्षेत्रात शक्य झाली ती एका किरकोळ वाटणाऱ्या योजनेमुळे. ॲझ्युर पाइपलाइन्समध्ये, व पुढे २०१९ साली सर्वांस खुल्या झालेल्या गिटहब ॲक्शन्समध्ये, संस्थेच्या आवारातील एजंट स्वतःच बाहेरील सेवेशी संपर्क साधून काम मागून घेतो. बाहेरून आत येण्यासाठी फायरवॉलमध्ये दार उघडावे लागत नाही. मात्र दार बंद राहिले तरी हुकूम बाहेरूनच येतो, ह्याकडे प्रारंभी पुरेसे लक्ष गेले नाही. सार्वजनिक प्रकल्पात कोणीही परका मनुष्य बदल सुचवू शकतो, आणि त्याने लिहिलेली संहिता चाचणीच्या निमित्ताने तटबंदीच्या आत चालू शकते. स्वतःचे एजंट खाजगी प्रकल्पांपुरतेच वापरावेत, असा गिटहबचाच सल्ला आहे.

तरीही स्वतःचे यंत्र अधिक सुरक्षित, ही भावना दृढ होती. तिला खरा तडा गेला तो सोलरविंड्‌सच्या प्रकरणाने. १३ डिसेंबर २०२० रोजी ते उघडकीस आले. ह्या कंपनीच्या ओरायन ह्या सॉफ्टवेअरची बांधणी तिच्या स्वतःच्या व्यवस्थेत होत असे. आक्रमकांनी तेथे ‘सनस्पॉट’ म्हणून पुढे ओळखला गेलेला एक प्रोग्रॅम पेरला. बांधणी सुरू झाली आहे काय, हे तो दर सेकंदास पाही. ती ओरायनचीच आहे अशी खात्री पटताच मूळ संहितेतील एका फाइलच्या जागी दूषित फाइल ठेवी, आणि बांधणी पुरी झाल्यावर मूळ फाइल जागच्या जागी परत ठेवी. त्यामुळे संहितेच्या भांडारात दोष दिसेना, आणि तयार संचावर कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरी उमटे. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे असा संच जास्तीत जास्त १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला. केन थॉम्प्सन ह्यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग व्याख्यानात हाच धोका मांडला होता : कंपायलरच दूषित असेल, तर निर्दोष संहितेतूनही दूषित प्रोग्रॅम निर्माण होतो. छत्तीस वर्षे तो विद्वानांच्या चर्चेत राहिला. बांधणीचे यंत्र निवडणाऱ्यांनी तो मनावर घेतला नव्हता.

ह्यावरून भाड्याची यंत्रे निर्धोक होती असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही टिकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालेल्या कोडकोव्ह प्रकरणात पाइपलाइनमध्ये चालणाऱ्या एका लहानशा स्क्रिप्टमध्ये फेरफार करून एजंटांजवळील गुप्त किल्ल्या पळविण्यात आल्या होत्या. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे, ह्याच्याशी त्या स्क्रिप्टला कर्तव्य नव्हते.

ह्यानंतर निवडीचा निकष पालटला. सोलरविंड्‌सने आपल्या नव्या व्यवस्थेत एकच बांधणी परस्परांपासून अलग अशा अनेक परिसरांत करून फलितांची तुलना करण्याची पद्धत स्वीकारली, आणि ते परिसर अल्पजीवी ठेवले. गिटहबनेही २०२१ मध्ये संस्थेच्या स्वतःच्या एजंटास एकच काम देऊन मोकळे करण्याची सोय केली. म्हणजे भाड्याच्या यंत्राचा क्षणभंगुरपणा घरच्या यंत्रासही लाभला. अडचणी सर्वच मिटल्या असे नव्हे. ॲपलच्या उपकरणांसाठीची बांधणी परवान्याच्या अटींमुळे ॲपलच्याच यंत्रावर करावी लागते, आणि ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२० पासून भाड्याने दिलेली अशी यंत्रे किमान चोवीस तासांसाठी घ्यावी लागतात. तेथे प्रत्येक कामास नवे यंत्र ही चैन परवडणारी नाही.

गूगलने २०२१ मध्ये पुढे आणलेल्या, व एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या स्थिर आवृत्तीस पोहोचलेल्या ‘साल्सा’ ह्या मानकात वैयक्तिक संगणकावरील बांधणीस वरच्या पायऱ्यांवर स्थान नाही. परंतु यंत्र आवारातले की क्लाऊडमधले, हे त्यात विचारलेले नाही. सर्वांत वरच्या पायरीवर दोन गोष्टी विचारल्या आहेत : एका बांधणीचा प्रभाव दुसरीवर पडू शकतो काय, आणि प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करणारी किल्ली बांधणीच्या हाती लागू शकते काय.