बारा तारांचा अधिवास

सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती सोपवून वडोदऱ्यास गायनशाळा काढली, तेव्हा दरबारच्या कलावंत कारखान्याबाहेर सामान्य गृहस्थाच्या मुलासही संगीताचे दार उघडले. त्याच नगरात आज कोणी जुन्या बाजारातली स्वस्त बारातारी गिटार घेऊन भजनास बसला, तर सभामंडपात तिला जागा द्यावी काय?

आमच्या मते, वाद्याचा अधिवास त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. हार्मोनियम मूळची पॅरिसची. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही भजनातून पेटी हलली नाही.

या गिटारीचे कुळही दरबारी नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ‘स्टेला’ नावाने ती स्वस्तात विकली जाई. हडी लेडबेटर या कृष्णवर्णी लोकगायकाने ती गाजविली. तिच्या सहा जोड्यांपैकी खर्जाकडील चारांत एक तार सप्तकाने चढी असते, उरलेल्या दोन जोड्या एकस्वरी असतात; म्हणून एका आघातात भरघोस नाद उमटतो.

मात्र जुनी गिटार पारखून घ्यावी. बारा तारांचा ताण मोठा असतो. घोडी उचललेली वा दांडी वाकलेली असल्यास स्वस्त वाद्य महाग पडते. तारा एक स्वर उतरवून लावल्यास लाकडास विसावा मिळतो.

गायनशाळेने उघडलेले दार किमतीच्या किंवा कुळाच्या सबबीवर पुन्हा लावण्याचा अधिकार आम्हां कोणासही नाही.