गिरणगावात हळू चालताना

मागच्या मे महिन्यात कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो होतो. तिथे ठाकर आदिवासी समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यातच तिचं संग्रहालय उभं केलं आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची गंमत अशी की ती घाईत बघताच येत नाही. सांगणारा एक चित्र समोर धरतो, गातो, कथा पुढे नेतो, मग दुसरं चित्र. कथा संपेपर्यंत तुम्हाला बसावंच लागतं. पर्यटन असं असेल तर मला मान्य आहे.

परतीच्या गाडीत विचार आला की मुंबईतही एक गाव आहे आणि त्याच्या नावातच गाव आहे. गिरणगाव. ते कधी कोणी असं बसून ऐकलंय का?

1850 च्या दशकात कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळीपर्यंत भोंगे वाजू लागले. माणसं कोकणातून आली, घाटावरून आली, आणि येताना गाव सोबत घेऊन आली. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्या, खाणावळवाल्या बायका, भजनी मंडळं, नमन-खेळे, तमाशा. परळचं 1922 चं दामोदर नाट्यगृह, लालबागचं हनुमान थिएटर ही या गावाची चावडीच म्हणायची.

हल्ली या भागात सशुल्क फेऱ्या निघतात. अशाच एका फेरीला मी पैसे भरून गेलो होतो. दीड तासात चिमणी, चाळ, मंडळाचा मंडप, मसाला गल्ली, फोटो आणि शेवटी कॉफी. सांगणारा मुलगा चांगला होता, तळमळीनं बोलत होता. पण सगळ्या फेरीत मदनपुऱ्याचं नाव एकदाही आलं नाही. फेरी चिंचपोकळीच्या पुलापलीकडे आलीच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "सर, तो भाग आपल्या रूटमध्ये नाही."

म्हणून यंदा मी माझ्या नववीच्या चौदा मुलामुलींना घेऊन उलट्या दिशेनं निघालो. मदनपुऱ्यातून लालबागकडे. रविवारी सकाळी आठला निघालो आणि दहा वाजेपर्यंत आम्ही दोनच गल्ल्या चाललो होतो. कारण एका चाचांनी आम्हाला बसवून घेतलं.

मदनपुरा ही मोमीन विणकरांची वस्ती. आझमगढ, बनारस, इलाहाबाद या भागांतले हे हातमागवाले. विलायती कापडानं त्यांचा धंदा मोडला, 1857 नंतरच्या धरपकडीनं उरलंसुरलं गेलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते दक्षिणेकडे सरकत आले. काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला, काही मुंबईला. इथल्या गिरण्यांच्या साचाखात्यात, म्हणजे विणाई विभागात, मोमीन आणि मराठा कामगार शेजारी शेजारी साचे चालवत. चाचांचे अब्बा त्यांतलेच. चाचा स्वतःही गिरणीत होते, संपापर्यंत.

त्यांनी मुलांना धोटा कसा भरायचा ते करून दाखवलं. कांडी संपली की नवी बसवायची, आणि धोट्याच्या बारीक भोकाशी ओठ नेऊन सूत तोंडानं ओढून घ्यायचं. चाचांच्या हातात काहीच नव्हतं, तरी ओठ बरोबर त्या जागी गेले. मुलं हसली. मग एका मुलीनं विचारलं, "चाचा, तोच धोटा दुसरा कामगार पण तोंडाला लावायचा?"

"मग? अगल्या पाळीवाला मराठा असायचा. त्याचं झूठं आम्ही, आमचं झूठं तो."

हे ऐकायला फार गोड वाटतं. आमच्याकडे एकोप्याच्या भाषणांत असले किस्से चालतात. पण मी शिक्षक आहे, अर्धीच गोष्ट सांगून मला चालत नाही. याच उष्ट्या धोट्याचं कारण पुढे करून साचाखात्यात दलितांना घेत नसत. विणाईला पगार जास्त, आणि ते खातं त्यांना बंद. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला, साचाखातं अस्पृश्यांनाही खुलं करा म्हणून आग्रह धरला. तेव्हा त्या धोट्याभोवती उभे राहून दार लावून घेणाऱ्यांत आपलेही लोक होते, हे मदनपुऱ्याच्या मुलांनी मदनपुऱ्यातच ऐकलेलं बरं. चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हाँ, ये भी था."

तिथून सातरस्ता जवळ आहे. चौकात एका कडेला मुलांना उभं करून मी मेहबूब पटेलची गोष्ट सांगितली. 20 ऑक्टोबर 1916 चा जन्म, गाव बार्शी. आईचं नाव मुनेरबी. तिच्या तोंडच्या ओव्या ऐकत वाढलेला पोरगा. बसवर क्लीनर झाला, गिरणीत कामाला लागला, संपात उतरला, तुरुंगात गेला. मुंबईत आल्यावर 1944 साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मातंग, एक मुसलमान, तिघेही गिरणगावच्या श्रोत्यांचे लाडके. सरकारनं त्यांच्या तमाशावर बंदी घातली तर त्यांनी त्याला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच माणसाच्या आवाजावर मैदानं भरत होती. "यांना तुम्ही अमर शेख या नावानं ओळखता," मी म्हणालो.

ओळखत कोणीच नव्हतं. पण एक मुलगा एकदम पुढे आला. "सर, मेहबूब? म्हणजे आपले?"

या 'आपले'नं मला आनंदही झाला आणि थोडं टोचलंही. माझ्या वर्गातल्या मुलांना मराठी हा दहावीला पास व्हायचा विषय वाटतो. ती भाषा त्यांच्यातल्याच एकानं चौकाचौकांत गाजवली हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पेशवाईतले सगनभाऊ मुसलमान होते, श्रीगोंद्याचे शेख महंमद संतकवी होते, हेही नाही. उर्दूतही तेच. कैफी आझमी मदनपुऱ्यात कामगारांमध्ये काम करायचे, हे त्यांच्या शेरांवर माना डोलावणाऱ्या कितीजणांना माहीत आहे? मराठीवाले अमर शेखांचं 'शेख' हळू आवाजात म्हणतात, उर्दूवाले त्यांचं मराठी. दोन्हीकडून तो माणूस अर्धाच मिळतो.

पूल ओलांडून लालबागला पोचायला दुपार झाली. चिवडा गल्लीत मुलांनी खिसे रिकामे केले. भारतमाता सिनेमाजवळ एक आजोबा भेटले, साचाखात्यातलेच. मी चाचांचं सांगितल्यावर त्यांनी गिरणीचं नाव विचारलं, मग पाळी विचारली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले कित्येक परत आत गेलेच नाहीत. आजोबा म्हणाले, "संपानंतर मदनपुऱ्यातला एकही माणूस मी बघितला नाही. कशाला जाणार? काम होतं तोवर जाणं होतं." दहा वर्षांनी दंगल झाली. 1992-93 च्या त्या दिवसांत पुलाच्या दोन्ही बाजूंना काय काय घडलं, ते मी मुलांना सांगितलं नाही. आजोबांनीही नाही. त्यासाठी वेगळा रविवार लागेल.

इंग्लंडात ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअर नावाचं गिरणीगाव आहे. 1853 ची गिरणी 1986 ला बंद पडली, पुढच्याच वर्षी तिथे डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांचं दालन उघडलं, 2001 ला गाव जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्याकडे लोअर परळच्या गिरणीत मॉल आला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रसंग्रहालयाची योजना आहे. ते व्हावंच. तिथे धोटा काचेत ठेवतील, खाली पाटी लावतील. तो तोंडाला कोणी लावायचा आणि कोणाला लावू देत नसत, एवढं त्या पाटीवर मराठीत आणि उर्दूत लिहिलं तर आम्ही पुन्हा येऊ.

निघताना आजोबांनी चाचांचा फोन नंबर मागितला. मी तिथूनच लावून दिला. दोघे गिरणीतल्या एका जॉबरवरून बराच वेळ भांडले. तो कोणत्या पाळीला होता यावर त्यांचं एकमत झालं नाही. चाचांचे गुडघे आता पूल चढत नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात आजोबाच मदनपुऱ्यात येणार आहेत. मुलं म्हणतात, रिकाम्या हातानं दाखवलेलं पुरे, या वेळी खरा धोटा आणा. भिवंडीत एका ओळखीच्याला सांगून ठेवलंय.