सोपी रानवाट, पण कोरडी असेपर्यंतच
ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात रानातील कच्च्या वाटांची काठिण्यानुसार प्रतवारी केली जाते. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट; नवशिक्या चालकाने येथूनच सुरुवात करावी. मात्र ही प्रत कोरड्या वाटेची होय. पावसानंतर चिकणमाती निसरडी होते, चाके जागीच फिरतात आणि उतारावर जोरात ब्रेक दाबल्यास गाडी घसरते. तेथे ती पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरवणेच श्रेयस्कर. ओल्या वाटेवर खोल चाकोऱ्या पडतात. म्हणूनच डोंगराळ भागातील अनेक वाटा तेथील हिवाळ्यात, साधारणतः जून ते ऑक्टोबर, बंद ठेवल्या जातात. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. डांबरी रस्त्यावर परतताना ती पुन्हा भरावी. शक्यतो सोबत दुसरी गाडी असावी, कारण दऱ्याखोऱ्यांत मोबाइल चालेलच असे नाही.