गर्भपातविषयक कायदा व लोकमत, महाराष्ट्रातील

गर्भ स्वतंत्रपणे जगू शकेल इतका वाढण्यापूर्वीच गर्भधारणा संपुष्टात आणणे, यास गर्भपात म्हणतात. त्याची वैद्यकीय बाजू अन्यत्र दिलेली आहे [→ प्रसूतिविज्ञान]. प्रस्तुत नोंदीत त्याचा वैधानिक व सामाजिक इतिहास महाराष्ट्राच्या, विशेषतः वऱ्हाड व यवतमाळ जिल्ह्याच्या, संदर्भात दिला आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने (कलमे ३१२ ते ३१६) गर्भपात करविणे हा गुन्हा ठरविला. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्‌भावनेने केलेला गर्भपात तेवढा अपवाद होता. स्वतः गर्भपात करून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र होती; पुरुषाचा मात्र केवळ गर्भाच्या पितृत्वामुळे कायद्याशी संबंध येत नसे. ज्या समाजात उच्चवर्णीय विधवेस पुनर्विवाहाची वाट बंद होती, तेथे या कलमांचा भार कोणावर पडला हे उघड आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच स्थितीवरील उत्तर होते. विधवेने गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल तेथेच ठेवून जावे, अशी त्यात सोय होती. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या अनीतीवर जी झोड उठली, तिचा समाचार बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्री-पुरुष तुलना (१८८२) या ग्रंथात घेतला. आजचा यवतमाळ जिल्हा ज्या वऱ्हाड प्रांतात मोडत असे, त्याच प्रांतातून हा आवाज उठला, हे लक्षणीय आहे. दोष एकीचा आणि न्यायाधीश सारे पुरुष, हा ताराबाईंच्या युक्तिवादाचा गाभा. पुढील शंभर वर्षांच्या चर्चेत त्याची धार फारशी बोथट झालेली नाही.

विसाव्या शतकात प्रश्नाची मांडणी बदलली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ या काळात समाजस्वास्थ्य हे मासिक एकहाती चालविले. मातृत्व हे स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावे, या भूमिकेपायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली व खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्यामागील भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी खचणारी स्त्री आणि दारिद्र्यात भर पडणारे कुटुंब यांची सांगड त्यात घातलेली होती. ठराव फेटाळला गेला. तथापि, प्रजननाचा प्रश्न हा आर्थिक विषमतेचाही प्रश्न आहे, हे विधिमंडळाच्या कामकाजात प्रथमच इतक्या स्पष्टपणे नोंदले गेले.

१९६४ मध्ये केंद्र शासनाने गर्भपाताच्या कायद्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे त्या वेळी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते आणि राज्याचे मुख्यमंत्री यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक होते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. गर्भपात करवून घेणाऱ्या बहुतांश स्त्रिया विवाहित असतात व गर्भ लपविण्याचे त्यांना काही विशेष कारण नसते, हा तिचा निष्कर्ष महत्त्वाचा होता. कारण गर्भपात म्हणजे दुराचाराचे झाकण, ही रूढ समजूत त्याने मोडीत काढली. त्यानुसार वैद्यकीय गर्भपात अधिनियम १९७१ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. बारा आठवड्यांपर्यंत एका व वीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत वैद्यांच्या मताने, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येऊ लागला. स्त्रीच्या जीवितास अथवा शारीरिक वा मानसिक स्वास्थ्यास गंभीर धोका, गर्भातील व्यंग, बलात्कार आणि विवाहित जोडप्याच्या गर्भनिरोधक साधनाचे अपयश ही कारणे ग्राह्य ठरली. सज्ञान स्त्रीला पतीच्या संमतीची गरज ठेवली नाही, ही त्यातील खरी पुरोगामी तरतूद होय. मात्र निर्णय स्त्रीचा न ठरता वैद्याचा ठरला. कायद्यामागे स्त्रीच्या हक्कापेक्षा आरोग्य व लोकसंख्येची चिंता अधिक होती.

अमेरिकेत हा प्रश्न नेमका उलट मार्गाने गेला. तेथे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपात हा घटनात्मक हक्क मानला आणि पुढे तोच विषय पन्नास वर्षे निवडणुकांच्या केंद्रस्थानी राहिला. १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरीब स्त्रियांच्या गर्भपातासाठी संघराज्याचा निधी बहुतांशी बंद केला. म्हणजे हक्क कागदावर सर्वांचा व व्यवहारात ऐपत असलेल्यांचा झाला. २०२२ मध्ये डॉब्स खटल्याच्या निकालाने तो हक्कही काढून घेतला गेला आणि प्रश्न राज्याराज्यांच्या मतदारांकडे आला. त्याच वर्षी कॅन्ससमधील व पुढील वर्षी ओहायोमधील मतदारांनी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. भारतात या विषयावर कोणत्याही पक्षाने निवडणूक लढविली नाही. कायदा सहज मिळाला, म्हणून त्याच्यामागे लोकमताचे बळही उभे राहिले नाही.

येथील निवडणुकांत प्रजननाचा प्रश्न शिरला, तो सक्तीच्या रूपाने. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत सत्ताधारी पक्षाच्या पराभवाचे, विशेषतः उत्तर भारतात, नसबंदीची सक्ती हे एक मोठे कारण होते. पुढे सप्टेंबर २००१ पासून दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्यांना महाराष्ट्रातील पंचायत संस्थांची निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविणारी अट लागू झाली. राखीव जागांमुळे स्त्रिया नुकत्याच ग्रामपंचायतीत येऊ लागल्या होत्या. तिसरे मूल हवे की नको, हे घरात ज्यांना विचारले जात नाही, त्यांचेच सदस्यत्व त्यामुळे धोक्यात आले. अशा अटीमुळे गर्भपाताची सक्ती होते, असे अन्य काही राज्यांतील पाहणीतही दिसून आले आहे.

सक्तीचे आणखी एक रूप म्हणजे गर्भलिंगनिदानानंतरचा गर्भपात. मुंबईतील स्त्री-संघटना, वैद्य व वकील यांनी १९८५ च्या सुमारास त्याविरुद्ध चळवळ उभारली आणि १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्रीय अधिनियम १९९४ मधला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरले. निदानाचा गुन्हा आणि गर्भपाताचा अधिकार हे वेगळे आहेत, हे चळवळीने वारंवार बजावले. प्रशासनाच्या धाकाने मात्र अनेक ठिकाणी कायदेशीर गर्भपात करणारे वैद्यही मागे सरले.

२००२ च्या दुरुस्तीने गर्भपात केंद्रांच्या मान्यतेचे अधिकार जिल्हा पातळीवर आणले. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट वर्गातील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे केली व ‘विवाहित’ हा शब्द वगळून अविवाहितेलाही साधनाच्या अपयशाचे कारण खुले केले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेद घटनाबाह्य ठरविला.

या बदलाचा सर्वाधिक संबंध ज्यांच्याशी येतो, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी मुली आहेत. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या तेलंगणच्या सीमेकडील तालुक्यांत कोलाम, गोंड व परधान यांची वस्ती असून कोलामांची गणना अतिमागास आदिवासी जमातींत होते. त्यांच्या ‘पोड’ नावाच्या वस्त्या मुख्य रस्त्यांपासून दूर असतात. कोरडवाहू कापूस संपला, की उरते ती मजुरी. ठेकेदार, व्यापारी व कामावरील मुकादम यांनी लग्नाच्या आमिषाने फसविलेल्या मुलींचा प्रश्न ‘कुमारी माता’ या नावाने एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून वृत्तपत्रांत व विधिमंडळात गाजला. हे नावच मुळी आक्षेपार्ह आहे. त्यात पित्याचा उल्लेख नाही. शासनाने घरकुल, शिवणयंत्र, अर्थसाहाय्य अशा योजना आखल्या, त्या मूल जन्मल्यानंतरच्या. त्यापूर्वीच्या आठवड्यांत मुलीपुढे गावची सुईण वा जडीबुटी देणारा असतो. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८९) जिल्ह्याच्या या टोकापासून दूर आहे, आणि खासगी रुग्णालयाचा खर्च मजुरीतून निघत नाही. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते व २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार वैद्यास पोलिसांकडे वर्दी द्यावी लागते. आरोपी गावातलाच सावकार वा कामावरचा मुकादम असेल, तर त्या वर्दीच्या भीतीने कुटुंब रुग्णालयाची पायरीच चढत नाही, आणि कायद्याने दिलेली मुदत त्यातच निघून जाते.