चोपडी कोणाच्या घरात? शहाद्याच्या कर्जाची गोष्ट

आजचा भाग कर्जावर आहे, पण सुरुवातीलाच सांगतो, ‘श्रीमंत होण्याचे पाच मंत्र’ असलं काही यात मिळणार नाही. आज आपण नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्याचा साधारण पन्नास वर्षांपूर्वीचा इतिहास बघणार आहोत. कारण घरावरचं कर्ज चढतं कसं आणि उतरतं कसं, हे या तालुक्यानं फार महाग किंमत देऊन शिकून घेतलंय.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे गोमाई नदी आणि तिच्या काठावर शहादा. जमीन काळी, कसदार. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. इथे मोठ्या संख्येनं भिल्ल आदिवासी राहतात. आणि गंमत अशी की पीक उत्तम येणाऱ्या या पट्ट्यात, पीक काढणाऱ्या माणसाच्या घरी पावसाळ्यात दाणा नसायचा.

असं का व्हायचं? कारण शेतमजुराच्या घराला बारा महिने पोट असतं, पण मिळकत बारा महिने नसते. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलेलं, नवं पीक अजून उभं. मग सावकाराकडे किंवा मोठ्या शेतकऱ्याकडे जायचं आणि धान्य उसनं आणायचं. सवाईनं किंवा दिढीनं. हे शब्द आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आजीआजोबांकडून ऐकले असतील. सवाई म्हणजे एक पोतं नेलं तर सुगीला सव्वा पोतं द्यायचं. दिढी म्हणजे दीड.

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. दिढीनं एक क्विंटल ज्वारी घेतली आणि पीक बुडालं, फेडता आली नाही. पहिल्या सुगीला दीड क्विंटल देणं. ते पुढे ढकललं की सव्वादोन. अजून एकदा ढकललं की जवळजवळ तीन क्विंटल अडतीस किलो. खाल्ली एकच क्विंटल!

यात अजून एक खाच आहे. समजा, उदाहरणापुरतं, आषाढात ज्वारी 30 रुपये किलो आहे. तुम्ही 100 किलो नेली, चोपडीत 3000 रुपये लिहिले गेले. दिढीनं झाले 4500. सुगीला बाजारात सगळ्यांचंच धान्य आलं, भाव उतरून 20 रुपये झाला. आता 4500 फेडायला किती ज्वारी लागेल? 225 किलो. कागदावर व्याज पन्नास टक्के, पण घरातून धान्य गेलं सव्वादोन पट. हा हिशोब कोण लिहायचं? ज्यानं धान्य दिलं तोच. चोपडी त्याच्या घरात, अक्षर त्याचं, आणि अंगठा आपला.

देणं फिटेना, तेव्हा दोन वाटा उरायच्या. एक, जमीन गहाण. ती हळूहळू हातातून जायची. दुसरी, सालदारकी. खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला सुरू होतं. वर्षभराचा मोबदला ठरवायचा, काही रक्कम आधी उचलायची आणि वर्षभर मालकाच्या शेतात राबायचं. सालदारकी म्हणजे आपोआप गुलामी नव्हे; आजही ती चालते आणि अंगात जोर असलेला सालदार चांगला भाव करून घेतो. पण ज्याचं आधीचं देणं बाकी आहे, तो भाव करणार कसा? आखाजी यायची, हिशोब व्हायचा, आणि मागची बाकी नव्या सालात टाकली जायची. हे एकट्या शहाद्याचं नव्हतं. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस ‘लग्नगडी’ म्हणून राबायचा; 1945 च्या वारल्यांच्या उठावाचं ते एक मोठं कारण होतं.

शहाद्यात ठिणगी पडली 1971 मध्ये. त्या मे महिन्यात म्हसावद भागातल्या पाटीलवाडीत धान्यावरून वाद पेटला आणि आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्यानं सर्वोदयी मंडळींच्या साथीनं काम सुरू केलंच होतं, त्यात बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते मिळाले. जानेवारी 1972 मध्ये शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

मोर्चे, संप, घोषणा हे सगळं होतंच. पण मला या आंदोलनात सर्वांत महत्त्वाची वाटते ती साधी गोष्ट: लोकांनी कागद मागितला. माझी जमीन कोणत्या सालात, कितीला गेली? सालदाराची मजुरी किती ठरली, कापली किती? आत्तापर्यंत मालकाच्या ओट्यावर एकेकट्यानं, मान खाली घालून ऐकायचा हिशोब आता गावासमोर, दहा जणांच्या साक्षीनं होऊ लागला. गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची लढाई यातूनच उभी राहिली. पुढे 1974-75 मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचे कायदे राज्यात झाले.

आणि मग बायका पुढे आल्या. संघटनेच्या शिबिरांत बायका बोलायला लागल्या, तेव्हा दारू आणि मारझोड हे विषय पुढे आले. गावोगाव बायकांचे जथे निघाले, दारूचे अड्डे गाठले, मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत माफी मागायला लावली. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दारूबंदी चळवळ’ म्हणतात. मी याला घरखर्चाचा इतिहासही म्हणेन. मजुरी वाढली आणि ती अड्ड्यावरच संपली, तर चूल कशी पेटणार? घरातला पैसा कुठे जातोय हे विचारण्याचा हक्क बायकांनी घेतला. या भागात तीसच्या दशकात गुलाम महाराजांनीही आपल्या पंथातून भिल्लांना दारू सोडायला सांगितलं होतं. म्हणजे ही जाणीव नवीन नव्हती. आता तिच्यामागे घरातल्या बायकांची संघटित ताकद आली, हे नवीन होतं.

सरकारही हललं. 1975 मध्ये महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा आला: छोटे शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांच्यावरची खासगी सावकारांची कर्जं रद्द. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हा कायदा उचलून धरला. 1976 मध्ये वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा झाला. आता वाटेल, संपली गोष्ट.

पण नाही. थोडा विचार करा. जुनं कर्ज रद्द झालं. पुढच्या आषाढात घरात दाणा कुठून येणार? कर्ज पुसलं, पण ज्या चार महिन्यांमुळे कर्ज होत होतं, ते चार महिने तसेच राहिले. म्हणून मग 1978 पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना आली, पावसाळ्यात पोटापाण्यासाठी. 2020 च्या कोरोना काळात त्याचंच अनुदान झालं: कुटुंबाला 4000 रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. रोजगार हमीचंही महत्त्व इथेच आहे. 1972 च्या दुष्काळातून मोठी झालेली ही योजना हाताला काम नसलेल्या काळात रोकड मजुरी द्यायची. भुकेच्या महिन्यांत हातात पैसा आला, की सावकाराचा ओटा तेवढा लांब राहतो.

आता आजच्या दिवसांत या. शहाद्याच्या बाजूची कित्येक कुटुंबं आजही उचल घेऊन गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात. हंगाम संपल्यावर हिशोब होतो, आणि तो लिहिणारा अजूनही बहुतेक वेळा मुकादमच असतो. घरी बचत गट आहे, मायक्रोफायनान्सचा हप्ता आहे, आणि तुमच्या हातातल्या याच फोनवर दोन मिनिटांत कर्ज देणारं ॲप आहे. चोपडीचा रंग बदललाय, एवढंच.

‘शेकडा दोन रुपये’ ऐकायला किती किरकोळ वाटतं! 30,000 घेतले, बारा महिने, शेकडा दोन. व्याज 7,200 आणि हप्ता 3,100. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण 30,000 वरच घेतलंय. घटत्या बाकीवर मोजलं, तर हा दर वर्षाला 40 टक्क्यांच्या वर जातो. 24 नाही. हीच आजची दिढी.

फरक एक आहे. आज कायदा थोडा आपल्या बाजूनं आहे. 2014 च्या सावकारी कायद्यानुसार परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे, वर्षाला 3 लाखांपर्यंत मिळकत असलेल्या कुटुंबाला मायक्रोफायनान्स कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण हे तपासायला घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज घरातल्या कोणाला तरी माहीत हवी ना? बाबांचं सोसायटीचं कर्ज वेगळं, आईचा गटाचा हप्ता वेगळा, भावाचं मोबाइलचं ॲप वेगळं, आणि एकमेकांना पत्ता नाही. बहुतेक घरं इथेच बुडतात.

म्हणून या रविवारी एक करा. दहा रुपयांची वही आणा आणि सगळे एकत्र बसा. आई, आजी, वहिनी, सगळे. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण तुम्ही लिहायला घ्या, मोठे बोलतील. पहिल्या पानावर देणी: कोणाचं, किती, कशाच्या दरानं, कधीपर्यंत. दुसऱ्या पानावर बारा महिने: कोणत्या महिन्यात पैसा येतो आणि कोणत्या महिन्यात काहीच येत नाही. रिकाम्या महिन्यांसाठी धान्य आणि थोडी रोकड आधी बाजूला काढा. घरातली खावटी म्हणा तिला. मग उरलेल्या पैशातून सर्वांत महागड्या व्याजाचं कर्ज आधी उतरवा. खावटी न ठेवता सगळा पैसा कर्जात घातलात, तर आषाढात पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागेल. ते शहाद्यानं पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय.

आणि वाचता येणारं घरात एकच माणूस असेल, तर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्या आधीच्या पिढ्यांनी न वाचता अंगठे दिले, कारण चोपडी दुसऱ्याच्या घरात होती. आता ती आपल्या घरात ठेवायची.

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. आणि वही उघडली, की पहिलं पान आईच्या हातून सुरू करा. भेटूया पुढच्या भागात.