डॉन स्टुर्झो यांचा विजनवास

२५ ऑक्टोबर १९२४ रोजी बावन्न वर्षांचे एक सिसिलियन धर्मगुरू रोम सोडून लंडनकडे निघाले. ते परतले तेव्हा बावीस वर्षे लोटली होती. त्यांना हद्दपार करणारे फर्मान कोणा न्यायाधीशाने काढले नव्हते. मुसोलिनीच्या राज्यात त्यांचा जीव सुरक्षित नव्हता हे खरे. परंतु त्यांनी दूर जावे, अशी ख्रिस्तसभेच्या वरिष्ठांचीही इच्छा होती. त्यांचे नाव डॉन लुईजी स्टुर्झो.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना १९२९ च्या लॅटरन कराराच्या तारखा आणि कलमे आम्ही पाठ केली होती. पोपमहोदयांचे स्वातंत्र्य परत मिळाले, एवढे त्या पानाचे सार. स्टुर्झो हे नाव त्या पानावर नव्हते. मला ते पुष्कळ उशिरा, एका जुन्या ग्रंथात चाळता चाळता भेटले. आणि आज मीही त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या आसपास असल्यामुळे असेल, ते मनातून जात नाही.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा युरोपातील चार मोठी राजघराणी धुळीस मिळाली होती. रशियाचा झार, जर्मनीचा कैसर, ऑस्ट्रियाचा हाब्सबुर्ग सम्राट हे गेले आणि पाठोपाठ तुर्कस्तानचा सुलतानही. त्यांच्या जागी प्रजासत्ताके आली, नव्या राज्यघटना आल्या. पण ती पहाट अल्पजीवी ठरली. हंगेरीत १९२० साली हॉर्थी, स्पेनमध्ये १९२३ साली प्रिमो दे रिव्हेरा, पोलंडमध्ये १९२६ साली पिल्सुद्स्की, त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लष्कर. एकेका देशात लोकसभेचे दिवे मालवत गेले. या वाटेवर सर्वांत ठळक पाऊल पडले ते इटलीत, आणि तेथे आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध अगदी जवळचा होता.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले, तेव्हापासून पोपमहोदय स्वतःला व्हॅटिकनचे बंदिवान मानीत. कॅथॉलिकांनी राष्ट्रीय निवडणुकीत भाग घेऊ नये, असा दंडक होता. पुढे तो सैल झाला आणि १९१९ साली पंधरावे बेनेडिक्ट यांनी तो पूर्णपणे उठवला. त्याच वर्षी १८ जानेवारीला स्टुर्झो यांनी 'पोपोलारी' म्हणजे लोकपक्ष स्थापन केला.

हे धर्मगुरू काही अचानक राजकारणात उतरले नव्हते. १८७१ साली सिसिलीतील काल्ताजिरोने गावी त्यांचा जन्म झाला, १८९४ साली गुरुदीक्षा. कामगारांविषयीचे तेरावे लिओ यांचे १८९१ चे परिपत्रक त्यांच्या पिढीच्या हाडीमांसी भिनलेले होते. गावातील शेतकऱ्यांसाठी त्यांनी ग्रामीण पतपेढी काढली, सहकारी संस्था उभारल्या. (वसईतही १९१८ साली एका धर्मगुरूच्या पुढाकाराने आपली कॅथॉलिक पतपेढी सुरू झाली, हे वाचकांना आठवेल.) १९०५ ते १९२० अशी पंधरा वर्षे ते त्या गावचे उपनगराध्यक्ष होते आणि कारभार प्रत्यक्षात तेच पाहत.

त्यांच्या पक्षाच्या नावात 'कॅथॉलिक' हा शब्द नव्हता. तो त्यांनी जाणूनबुजून टाळला. धर्म सर्वांना जोडतो, पक्ष हा स्वभावतःच विभागतो; म्हणून पक्षाने धर्माचा झेंडा खांद्यावर घेऊ नये, असे त्यांचे मत होते. नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत या दहा महिन्यांच्या पक्षाने ५०८ पैकी १०० जागा जिंकल्या. समाजवाद्यांच्या जागा १५६ होत्या. हे दोघे एकत्र येते तर मुसोलिनीला वाट मिळाली नसती, असे आज म्हणणे सोपे आहे. त्या काळी समाजवादी उघडपणे धर्मविरोधी होते, कारखाने ताब्यात घेतले जात होते, रशियातून येणाऱ्या बातम्यांनी पाद्री आणि जमीनदार दोघांचीही झोप उडाली होती. ती भीती खोटी नव्हती.

२८ ऑक्टोबर १९२२ रोजी काळे डगलेवाले रोमवर चालून आले. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही केली नाही. मुसोलिनी पंतप्रधान झाला आणि त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात लोकपक्षाचेही मंत्री बसले. स्टुर्झो यांना ते मान्य नव्हते. एप्रिल १९२३ च्या तोरिनो अधिवेशनात त्यांनी पक्षाचे वेगळेपण ठामपणे मांडले, आणि मुसोलिनीने त्या मंत्र्यांना घरी पाठवले. त्यानंतर त्याचा रोख एकट्या स्टुर्झो यांच्यावर वळला. फॅसिस्ट वृत्तपत्रे धमकावू लागली: या पाद्र्याला आवरा, नाहीतर ख्रिस्तसभेला परिणाम भोगावे लागतील. व्हॅटिकनमधून सूचना आली. १० जुलै १९२३ रोजी स्टुर्झो यांनी सरचिटणीसपद सोडले. धर्मगुरूने वरिष्ठांची आज्ञा पाळली, यापलीकडे त्यांनी बोभाटा केला नाही.

त्याच महिन्यात निवडणुकीचा नवा कायदा लोकसभेत आला: ज्या यादीला सर्वाधिक आणि किमान २५ टक्के मते मिळतील, तिला दोन तृतीयांश जागा. लोकपक्षाने मतदानात तटस्थ राहण्याचे ठरवले. नेत्याविना पक्ष आणखी काय करणार?

आणि मग ऑगस्ट. अर्जेंता येथील धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू डॉन जोव्हान्नी मिन्झोनी हे महायुद्धात सैन्याचे चॅप्लिन होते, शौर्याबद्दल त्यांना रौप्यपदक मिळाले होते. आपल्या मुलांना फॅसिस्टांच्या संघटनेत न पाठवता त्यांनी धर्मग्रामात बालवीर पथक काढले. एवढाच अपराध. २३ ऑगस्ट १९२३ च्या रात्री, एका तरुणाबरोबर घरी परतत असता, फॅसिस्टांनी त्यांच्या डोक्यात दांडके घातले. काही तासांत ते गेले. १९२५ साली चाललेल्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मारल्या गेलेल्या या धर्मगुरूसाठी त्या वेळी जगभरच्या ख्रिस्तसभेत किती घंटा वाजल्या असत्या! पण वाटाघाटींचे वारे वाहू लागले होते.

जून १९२४ मध्ये समाजवादी नेते मात्तेओत्ती यांचा खून झाला, तेव्हा मुसोलिनीचे आसन खरोखर डळमळले. लोकपक्ष व नेमस्त समाजवादी यांनी हातमिळवणी करावी, असा विचार पुढे आला. सप्टेंबरमध्ये अकरावे पायस यांनी कॅथॉलिक विद्यार्थ्यांपुढे बोलताना अशा सहकार्याला स्पष्ट विरोध दर्शवला. पुढच्याच महिन्यात स्टुर्झो लंडनला निघाले. १९२६ च्या अखेरीस सर्व विरोधी पक्ष बेकायदा ठरले.

११ फेब्रुवारी १९२९ रोजी लॅटरन करार झाला. ४४ हेक्टरांचे व्हॅटिकन राज्य, ७५ कोटी लिरा रोख व शंभर कोटींचे रोखे, शाळांतून धर्मशिक्षण. पायस यांचा हिशेब अगदीच निराधार होता, असे मी म्हणणार नाही. साठ वर्षांची जखम भरून निघत होती, आणि राज्यकर्ते येतात-जातात, ख्रिस्तसभेला मात्र युगानुयुगे टिकायचे असते, असा त्यामागे विचार होता. परंतु दोनच वर्षांत, १९३१ साली, मुसोलिनीने कॅथॉलिक युवकसंघटना बंद केल्या. पोपमहोदयांना त्याविरुद्ध जे परिपत्रक काढावे लागले, ते इटलीत दडपले जाईल या भीतीने एका तरुण अमेरिकन धर्मगुरूकरवी पॅरिसला पाठवून प्रसिद्ध करावे लागले. हे धर्मगुरू म्हणजे पुढचे कार्डिनल स्पेलमन. आपल्या बाजूने बोलू शकणारे खासदार, वृत्तपत्रे, पक्ष हे सारे तोवर नाहीसे झाले होते. १९३३ साली जर्मनीतही जवळजवळ तेच घडले: कॅथॉलिकांचा सेंटर पक्ष, ज्याचे प्रमुख काआस हे धर्मगुरूच होते, त्याने मार्चमध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याला मत दिले, ५ जुलैला तो पक्ष विसर्जित झाला आणि २० जुलैला करारावर सह्या झाल्या. अकरावे पायस पुढे उतारवयात हुकूमशाहीविरुद्ध कडाडून बोलू लागले, हेही नमूद करायला हवे. १० फेब्रुवारी १९३९ रोजी, कराराच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. इटलीच्या बिशपांपुढे करायचे त्यांचे भाषण तयारच राहिले.

लंडनमध्ये स्टुर्झो लिहीत राहिले. फॅसिझमवरील त्यांचे पुस्तक १९२६ सालीच इंग्रजीत आले. १९४० साली ते अमेरिकेला गेले. तेथूनही त्यांनी ख्रिस्तसभेविरुद्ध लेखणी उचलली नाही आणि मुसोलिनीपुढे मानही तुकवली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा साधल्या, याचे मला अजून कोडे आहे. त्यांच्यानंतर पक्षाची धुरा वाहणारे दे गास्पेरी तुरुंगवास भोगून व्हॅटिकनच्या ग्रंथालयात नोकरी करीत होते. तेच डिसेंबर १९४५ मध्ये इटलीचे पंतप्रधान झाले.

सप्टेंबर १९४६ मध्ये स्टुर्झो मायदेशी परतले. १९५२ साली राष्ट्राध्यक्ष एइनाउदी यांनी त्यांना तहहयात सिनेटर नेमले. रोममध्ये कनोसा भगिनींच्या कॉन्व्हेंटमध्ये ते राहत. जुलै १९५९ मध्ये मिस्साबलिदान अर्पण करीत असतानाच त्यांना ग्लानी आली आणि ८ ऑगस्टला, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, ते देवाघरी गेले. २००२ साली त्यांच्या धन्यवादितपदाची प्रक्रिया सुरू झाली. त्यांचे अवशेष आता काल्ताजिरोनेच्या चर्चमध्ये आहेत, जेथल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी पतपेढी काढली होती.