मेणबत्त्यांचे देणे

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी घुटमळत उभे होते. त्यांच्या मुलाने चांगली चालू नोकरी सोडली होती. नाटकात कामे मिळवावीत म्हणून तो मुंबईत तिघा मित्रांबरोबर एका खोलीत राहू लागला होता. "फादर, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा," एवढेच ते म्हणाले. मी हो म्हटले खरे; पण कोणते चार शब्द, ते मला सुचेना. नाताळच्या नाटिकेत त्या मुलाला पहिल्यांदा मेंढपाळाचा वेष चढवला होता तो मीच.

त्या रात्री मी मोलिएरचे चरित्र पुन्हा काढून बसलो. सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना सतराव्या शतकातील फ्रान्सवर आम्ही पुष्कळ वाचले होते, पण या नटाच्या दफनाची हकीकत एका तळटीपेत उरकलेली होती. मराठी रसिकांना तो परका नाही. आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक' हे त्याच्याच एका नाटकावरून बेतलेले. मात्र जगन्मान्य नाटककार होण्याआधी पंधरा वर्षे तो काय होता, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. तो एक कर्जबाजारी नट होता.

झाँ-बाप्तिस्त पोकलँ हे त्याचे खरे नाव. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसच्या साँ-युस्ताश चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील गाद्या, पडदे आणि बैठकी सजविण्याचा धंदा करीत. १६३१ साली त्यांनी राजाच्या पदरी त्याच कामाचा हुद्दा मिळविला. तो थोरल्या मुलाकडे जावयाचा होता. मुलगा दहा वर्षांचा असताना आई वारली. पुढे त्याला येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लेरमाँ विद्यालयात घातले. या विद्यालयांतून मुलांना लॅटिन नाटके करावयास लावीत, म्हणजे रंगभूमीची गोडी आमच्यासारख्या धर्मगुरूंनीच लावायची आणि पुढे त्याच नादाबद्दल कानउघाडणीही आम्हीच करायची, ही रीत जुनी दिसते.

१६४३ च्या जानेवारीत या एकवीस वर्षांच्या तरुणाने वडिलांच्या हुद्द्यावरील हक्क सोडला आणि आईच्या वारशापोटी ६३० लिव्हर, म्हणजे त्या काळचे फ्रेंच चलन, उचलले. ३० जून रोजी मादलेन बेजार ही अनुभवी नटी, तिची भावंडे आणि इतर सोबती अशा दहा जणांनी नोटरीसमोर करार करून 'इल्युस्त्र तेआत्र' नावाची मंडळी काढली. नावाचा अर्थ 'नामवंत नाटकमंडळी'. नाव मिळण्याआधीच ते ठेवून झाले होते! कोणती भूमिका घ्यायची हे ठरविण्याचा अधिकार करारात मादलेनला दिला आहे. नायकाच्या भूमिका पोकलँ आणि आणखी दोघांनी आळीपाळीने करावयाच्या होत्या.

पॅरिसमध्ये तेव्हा दोन नाटकमंडळ्या पाय रोवून होत्या. या नवख्यांना नाट्यगृह परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी सेन नदीच्या डाव्या तीरावरील चेंडू खेळण्याची एक लांबट बंदिस्त इमारत भाड्याने घेतली आणि तिच्या एका टोकाला रंगमंच उभारला. प्रेक्षकांच्या घोडागाड्या चिखलात रुतू नयेत म्हणून लेओनार ओब्री नावाच्या फरसबंदी करणाऱ्याकडून दारापुढचा रस्ता बांधून घेतला. हा ओब्री वाचकांनी लक्षात ठेवावा. १ जानेवारी १६४४ रोजी पडदा उघडला. त्याच वर्षी २८ जूनला एका नर्तकाशी झालेल्या करारावर 'मोलिएर' अशी सही प्रथम आढळते. हे नाव त्याने का घेतले, ते त्याने कधीच सांगितले नाही.

गाड्या काही आल्या नाहीत. त्या काळी नटाला पगार नसे. खेळाच्या उत्पन्नातून जागेचे भाडे, वादक, दारवान आणि दिवाबत्ती यांचा खर्च वजा जाता जे उरेल त्याचे हिस्से पडत. दिवाबत्ती म्हणजे चरबीच्या मेणबत्त्या. त्या धूर ओकत, त्यांच्या वाती खेळ थांबवून पुनःपुन्हा कातराव्या लागत आणि प्रेक्षक दहा असोत वा चारशे, त्या तेवढ्याच जळत. वेदीवरच्या मेणबत्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला ही चिंता लगेच कळते. मंडळीने डिसेंबर १६४४ मध्ये जागा बदलून उजव्या तीरावर बिऱ्हाड हलविले. पण कर्ज तेथेही सोबत गेले. ऑगस्ट १६४५ मध्ये मोलिएरला शातलेच्या तुरुंगात टाकण्यात आले. सावकार आणि कापडवालाही मागे लागले होते, पण दावेदारांत एक होता आंत्वान फोसेर, मेणबत्त्यांचा व्यापारी. त्याचे येणे १४२ लिव्हर होते.

जामीन कोण राहिला? तोच फरसबंदीवाला ओब्री. ३२० लिव्हरांची हमी त्याने घेतली, त्याबद्दल मंडळीतील सोबत्यांनी त्याला स्वतःच्या सह्या लिहून दिल्या आणि मोलिएर सुटला. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, ओब्रीची ती रक्कम कुणी फेडली हे कागदपत्रांत नोंदलेले आहे. मुलाने ज्यांचा हुद्दा झिडकारला होता, त्या थोरल्या पोकलँ यांनी.

याला जोडून वीस वर्षांनंतरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. १६६८ साली म्हाताऱ्या पोकलँना घर नव्याने बांधण्यासाठी पैसा हवा होता. झाक रोओ नावाच्या एका विद्वानाने त्यांना दोन हप्त्यांत १०,००० लिव्हर कर्जाऊ दिले. पैसा रोओचा नव्हता. त्याचे नाव पुढे करून तो मोलिएरने दिला होता. तसा कबुलीचा कागद मोलिएरच्या मृत्यूनंतर त्याच्या दप्तरात सापडला. ही हकीकत मी त्या गृहस्थांना सांगितली. ते काही बोलले नाहीत. पण बोलण्याच्या ओघात मुलाच्या खोलीचे भाडे किती, अनामत किती आणि ती कुणाकडून उसनी घेतली, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे हे मला त्या दिवशी कळले.

तुरुंगातून सुटल्यावर मोलिएरने पॅरिस सोडले. पुढली तेरा वर्षे दक्षिणेकडचे गावोगाव, तूलूझ, लिआँ, पेझनास, अशी फिरतीची. या काळात काँतीच्या राजपुत्राने मंडळीला आश्रय दिला. पुढे त्याचे मन धर्माकडे वळले तेव्हा त्याने आश्रय काढून घेतला आणि नाटकांविरुद्ध एक ग्रंथही लिहिला. अखेर २४ ऑक्टोबर १६५८ रोजी लुव्र राजवाड्यात तरुण राजा चौदावा लुई याच्यापुढे खेळ झाला. आधी कोर्नेयची शोकांतिका झाली. ती बेताचीच रंगली. मग मोलिएरने स्वतः पुढे येऊन गावाकडे करीत होतो तसली एक लहानशी नक्कल करून दाखविण्याची परवानगी मागितली. राजा पोट धरून हसला आणि राजधानीत जागा मिळाली. तिचीही अर्धी वाटणी होती; आठवड्यातील चांगले दिवस आधीपासून तेथे असलेल्या इटालियन मंडळीकडे आणि उरलेले याच्याकडे.

यापुढचा यशाचा इतिहास सर्वश्रुत आहे. मला थांबावयाचे आहे ते आपल्या घरच्या प्रकरणापाशी.

सन ३१४ मध्ये आर्लच्या धर्मसभेने नाटकवाल्यांना, ते त्या धंद्यात असेपर्यंत, ख्रिस्तसंस्कारांपासून दूर ठेवण्याचे ठरविले होते. तेव्हाच्या रोमन रंगभूमीचे ओंगळ स्वरूप पाहता ते समजू शकते. परंतु १६१४ च्या रोमन विधिग्रंथात उघड पापी म्हणून जी माणसे नमूद केली आहेत त्यांत नट नाहीत. फ्रान्समधील काही धर्मप्रांतांनी ती भर आपल्या पदरची घातली. उलट राजा तेराव्या लुईने १६४१ साली फर्मान काढले होते की, नाटक सभ्य असेल तर नटाला त्याच्या धंद्यावरून कमी लेखू नये. म्हणजे राजाचा कायदा एक सांगे आणि धर्मग्रामाची वही दुसरे. २८ फेब्रुवारी १६६४ रोजी मोलिएरच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याचा धर्मपिता खुद्द राजा होता. पण त्याच मुलाच्या बापाला मरणसमयी संस्कार हवे असतील तर रंगभूमीचा त्याग लेखी द्यावा लागणार होता. मादलेन बेजारने तो दिला. १७ फेब्रुवारी १६७२ रोजी ती संस्कार घेऊन वारली.

बरोबर एका वर्षाने, १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, मोलिएर आपल्या नव्या नाटकाच्या चौथ्या खेळात काल्पनिक रोग्याचे काम करीत असता खरोखरच कोसळण्याच्या बेतास आला. खेळ त्याने पुरा केला. घरी आणल्यावर रक्ताची गुळणी आली आणि त्याने धर्मगुरूंना बोलावण्यास सांगितले. साँ-युस्ताशच्या दोघा धर्मगुरूंनी येण्यास नकार दिला. तेव्हा बेजार घराण्याचा एक जावई स्वतः धावत गेला आणि तिसऱ्याला उठवून घेऊन आला. या हेलपाट्यांत दीड तासाहून अधिक वेळ गेला असे विधवेने आपल्या अर्जात लिहिले आहे. धर्मगुरू पोचले तेव्हा सारे संपले होते. उशाशी होत्या त्या दोन धर्मभगिनी. प्रायश्चित्तकाळात दान गोळा करण्यासाठी पॅरिसला आल्या असता त्या त्याच्याच घरी उतरल्या होत्या. तो जावई त्याच लेओनार ओब्रीचा मुलगा.

त्या दोघा धर्मगुरूंना दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. धर्मप्रांताचा नियम त्यांच्या बाजूने होता. शिवाय त्याच माणसाच्या 'तार्तुफ' नाटकाने ढोंगी धार्मिकांची अशी काही खोड मोडली होती की, १६६७ साली पॅरिसच्या आर्चबिशपांनी ते पाहणाऱ्या-वाचणाऱ्यांनाही बहिष्काराची धमकी दिली होती. रात्री दार वाजले की अंथरुणातून उठण्याआधी मनात काय काय येते, तेही मी जाणतो. आपल्याच काळात पोलंडमधील क्रॅकूव्ह शहरी, जर्मन अंमलाखाली १९४१ पासून बंद घरांतून चोरून नाटके करणाऱ्या तरुणांत एक मजूर होता आणि तो पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला, हे त्या दोघांना कुणी सांगितले असते तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते.

साँ-युस्ताशच्या प्रमुख धर्मगुरूंनी दफनासही नकार दिला. विधवा आर्चबिशपांकडे गेली, राजाकडे गेली. शेवटी परवानगी मिळाली ती अशी : दोनच धर्मगुरू, दिवसाच्या वेळेबाहेर आणि कसलाही समारंभ न करता. २१ फेब्रुवारीच्या रात्री नऊच्या सुमारास प्रेतयात्रा साँ-जोसेफच्या कब्रस्तानाकडे निघाली. लोक मात्र गर्दी करून आले, अनेकांच्या हातांत मशाली होत्या. चांदीच्या सहा शमादानांत सहा मेणबत्त्या घेऊन अनाथालयाची सहा मुले चालत होती. शवपेटीवर जी चादर घातली होती ती होती गाद्या-पडदेवाल्यांच्या संघाची, म्हणजे वडिलांच्या धंद्याची.

दफनाची नोंदही आहे. आम्ही धर्मगुरू अशा नोंदी रोज करतो, म्हणून मी ती दोनदा वाचली. नाव, राजाच्या पदरी गाद्या-पडद्यांचे काम पाहणारा सेवक, राहण्याचा रस्ता, मृत्यूची तारीख, दफनाची जागा, सारे काही बिनचूक आहे. तो नट होता, हे मात्र त्यात कुठेही लिहिलेले नाही.